मनात नसलेला शब्द

प्रभूची प्रार्थना सुरू झाली की कोरेगावच्या आमच्या छोट्याशा ख्रिस्ती मंडळीत सगळ्यांत खणखणीत आवाज बायबलबाईंचा असायचा. पण आम्ही दुसऱ्यांना क्षमा केली तशी तू आम्हाला कर, ही क्षमेची ओळ आली की तो आवाज बंद. ओठ मिटलेले, मान ताठ. पुढच्या ओळीला पुन्हा सुरू. मी तिथल्या पाळकाची, म्हणजे धर्मगुरूची, नुकतीच लग्न होऊन आलेली बायको. पहिल्या रविवारी मला वाटलं, बाईंना ठसका लागला असेल. मग कळलं, हे वर्षानुवर्षं चाललंय आणि सगळ्यांना त्याची सवय झालीय. मला ती कधीच झाली नाही.

गावोगावी फिरून बायकांना पवित्र शास्त्र वाचून दाखवायचं, हे त्यांचं काम. त्यावरून त्यांना सगळे बायबलबाईच म्हणत. माहेर वडूजकडचं, नवरा लवकर गेलेला. ऐन दुष्काळातही उन्हातून वस्त्यांवर जायच्या. मात्र मनात नसलेला शब्द तोंडातून काढायचा नाही, हा त्यांचा हट्ट. एकदा महिलांच्या सभेत मी त्यांना प्रार्थना करायला सांगितलं. त्या उठल्या, म्हणाल्या, "आज माजं मन लय खवळलंय. दुसऱ्या कुणीतरी करा," आणि खाली बसल्या. पाहुण्यांसमोर मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

त्या एका ओळीमागचं कारण मला यांनी, म्हणजे माझ्या यजमानांनी सांगितलं. बाईंना एक मुलगी होती, शांता. कामाला बाहेरगावी जाताना बाई तिला वडूजला भावजयीकडे, मार्थावहिनीकडे ठेवत. एकदा बाई खंडाळ्याकडे गेलेल्या असताना शांताला ताप आला. साधा ताप असेल, उतरेल, असं समजून वहिनी तिला निजवून लग्नाला गेली. परत येईतो पोर निपचित पडली होती. निरोप मिळून बाई पोचल्या, तेव्हा मूठमातीही झाली होती.

हे ऐकल्यावर माझा राग निवळायला हवा होता. थोडा निवळलाही. पण पुढच्याच वर्षी मार्थावहिनीला पोटाचं दुखणं लागलं आणि तिला सांगलीच्या दवाखान्यात ठेवलं. नवरा आधीच वारलेला, एकुलता मुलगा पलटणीत, आसामला. तिच्याजवळ राहायला कोण गेलं? बायबलबाई! कुणी सांगितलं नव्हतं. वळकटी उचलली आणि गेल्या.

मी भेटायला गेले तेव्हा बाई वहिनीचे केस विंचरत होत्या, हलक्या हातानं, गुंता सोडवत. अंग पुसणं, भांडं देणं, पेज भरवणं, सगळं त्याच करत होत्या. वहिनी पार वाळून गेली होती. माझ्यासमोरच तिनं बाईंचा हात धरला.

"वन्सं, एकदा तरी म्हना, माफ केलं म्हनून."

"पेज घे आदी," बाई म्हणाल्या.

मी त्यांना व्हरांड्यात ओढलंच. "बाई, दोन शब्द आहेत. म्हणून टाका. ती चाललीय!"

"म्हनून टाकायला ते व्हटावर ठेवल्यात व्हय? आत न्हाईत अजून."

"मग हे सगळं कशाला करताय तिचं?"

"हात ऐकत्यात माजं, पाळकीणबाई. मन ऐकत न्हाई. रोज देवाला सांगते, तवर हातांनी करते."

"मरणाऱ्याला दिलासा देणं म्हणजे काय खोटं बोलणं झालं?"

"तिला कळंल की. पोकळ शब्द मानसाला लगीच कळतो."

मला त्यांना गदागदा हलवावंसं वाटलं. जी बाई दुसऱ्याची घाण काढते, तिला एक गोड शब्द काढता येऊ नये? मी तणतणतच गाडीत बसले. त्या आठवड्यात मार्थावहिनी गेली. हवं होतं ते तिला ऐकायला मिळालं नाही. मुलगा आसामहून पोचला तो दफनानंतर.

पुढे बरेच महिने मी बाईंशी कामापुरतंच बोलत होते. एका दुपारी त्या दाराशी आल्या. डोळे सुजलेले.

"पाळकीणबाई, झालं."

"काय झालं?"

"शेजारणीची तान्ही पोर संबाळत हुते. बसल्याबसल्या डोळा लागला. उठून बघते तर पोर तापानं फणफणलेली. धावतपळत डाक्टरकडं नेली, हाय बरी. पन मला कळलंच न्हवतं वो. माज्याच मांडीवर हुती, तरी कळलं न्हाई. मार्थालाबी न्हाई कळलं. तिनं मुद्दाम न्हाई केलं. मी माफ केलं तिला."

इतक्या दिवसांचा राग माझ्या तोंडून बाहेर पडला. "आता काय उपयोग बाई? जिला ऐकायचं होतं ती मातीत गेली!"

"व्हय," त्या म्हणाल्या. "म्हनून तर तुमच्याकडं आले. तिनं मागितलं तवा तुमी हुता तितं. तुमी तरी ऐका."

आणि पायरीवर बसून, पदर तोंडाला लावून त्या लहान मुलीसारख्या रडल्या. मी शेजारी बसले. हात मात्र धरला नाही. तेवढं माझं मन वळलं नव्हतं.

यांची बदली झाली, आम्ही कोरेगाव सोडलं, पुढे बाईही वारल्या. मार्थावहिनीचा तो हात आठवला की मला आजही बाईंचा राग येतो. पण त्यानंतर आयुष्यात मला पुष्कळांनी माफ केलं, हसत, चहा पिता पिता, लगेच. त्यातला एकही शब्द मला त्या पायरीवरच्या शब्दाइतका खरा वाटला नाही.