साहेबाच्या कोटातला कागद

सौदीतल्या अल खफजीच्या आमच्या इमारतीत वरच्या मजल्यावर मुलाकडे राहणाऱ्या श्रीवर्धनच्या चाचांइतका कागदावर जीव टाकणारा माणूस अल्लाने दुसरा घडवला नसेल, आणि माझ्याइतकी कागदाची हेळसांड करणारी बाई देवाने. माझा पासपोर्ट तांदळाच्या डब्यात, इकाम्याची, म्हणजे इथल्या राहण्याच्या परवान्याची, झेरॉक्स चमच्यांच्या खणात अंथरलेली. चाचांकडे मात्र विजेच्या बिलांची फाईल, दाढदुखीची फाईल आणि, खोटं नाही सांगत, माझीही फाईल. डब्याबरोबर पाठवलेल्या माझ्या चिठ्ठ्या त्यात तारीखवार. एकदा मी साबुदाणा रात्रभरच भिजवायचा असं ठासून सांगत होते, तर चाचा वर जाऊन माझीच जुनी चिठ्ठी घेऊन आले. म्हणाले, "वहिनी, तेव्हा तुम्ही दोन तास लिवलंत. आता कुठल्या वहिनीचं ऐकू?"

हे वेड त्यांना लावलं एका अमेरिकन साहेबाने. त्याच्या देशाचा मोठा मुत्सद्दी तो. जेद्दाच्या वकिलातीत होता तेव्हा चाचा त्याच्या फायली लावत. एकदा एक महत्त्वाचा कागद सापडेना, तर साहेबाने सगळ्यांदेखत चाचांना बेफिकीर म्हटलं. आठवड्याने कागद निघाला साहेबाच्याच कोटात, कोट धुवायला देताना चाचांच्याच हाताला लागला. त्यांनी तो मुकाट टेबलावर ठेवला, साहेबाने मुकाट उचलला. खलास. साहेब निवृत्त होऊन मायदेशी गेला, त्यानंतर कितीतरी वर्षांनी चाचांनी त्याला लिहिलं: कागद तुमच्या कोटात होता, एकदा तसं म्हणा. उत्तर आलं नाही. वर्षभराने साहेब गेल्याचीच बातमी आली. "रागावला असंल," चाचा म्हणायचे, आणि ते मनाला लावून घेतलेलं काही सुटायचं नाही.

साहेबाची खासगी कागदपत्रं तिकडच्या एका विद्यापीठाने जपून ठेवलीत, हे चाचांच्या सुनेने मोबाईलवर शोधून काढलं. चौकशीचं पत्र लिहायचं काम मी अंगावर घेतलं. माझं इंग्रजी नातवंडांच्या पुस्तकांवरून शिकलेलं. त्याला थांबायचं कुठे ते ठाऊक नाही. चाचांचं पत्र तिथे आहे का, एवढंच विचारायचं होतं. मी चाचांचे गुडघे, माझी शुगर, इथली धूळ, सगळं कळवलं. तरी तिथल्या बाईंनी सविस्तर उत्तर दिलं. पत्र होतं. पण त्यावर साहेबाची काही खूण नव्हती, उत्तराची प्रतही नव्हती.

हे सांगायला मी शिऱ्याची वाटी घेऊन वर गेले. रिकाम्या हाताने वाईट बातमी द्यायची मला सवय नाही. उत्तर घाईघाईने वाचून टाकत होते: साहेबाच्या टेबलावरची शेवटची फाईल, कागद होते त्याच क्रमाने ठेवलेत, तुमचं पत्र सगळ्यात वर, खाली नंतरच्या तारखांची पत्रं. चाचांनी हात वर केला.

"परत वाचा. खाली नंतरची?"

"हो. का हो?"

"नंतरचा कागद वर येतो, वहिनी. माझा वर ऱ्हायला, म्हंजे दर वेळी कुणीतरी उचलून वर ठेवला." ते चष्मा पुसू लागले. "उत्तर द्यायचं असंल तो कागद वर. ही शिस्त साहेबाला मीच लावलेली."

मी काहीतरी बोलणार होते. मी नेहमीच बोलणार असते.

"काय लिवावं ते सुचत नसंल बिचाऱ्याला," चाचा म्हणाले.