त्या दिवशी रंग निळा आला

वहिनीला जाऊन पाच आठवडे झाले, तरी सकाळी उठले की माझा हात आपोआप कोनाड्यातल्या काचेच्या नळीकडे जातो. मग आठवतं. दर वेळी नव्यानं आठवतं. बाळंत होऊन जेमतेम दोन आठवडे झालेली, सकाळी माझ्याशी हसून बोललेली बाई दिवस मावळायच्या आत नाहीशी होते... हे माझं डोकं अजून मानायला तयार नाही.

कमलवहिनी केळापूरकडची, माझ्या दादाची बायको. शिकली चौथीपर्यंतच, पण अक्षर माझ्यापेक्षा देखणं, आणि मी दारव्ह्याच्या शाळेत मास्तरीण. रोजची कामं वहीत लिहायची आणि झालेल्या कामावर रेघ मारायची, ही तिची सवय. तिचं पहिलं मूल जन्मतःच गेलं होतं. त्या वेळी पोट मोठं दिसतं म्हणून आम्ही सगळ्या खूश होतो, ‘गुटगुटीत होणार’ म्हणून तिला आग्रहानं शिरा खाऊ घालत होतो. मूल खरंच गुटगुटीत झालं, पण त्यानं श्वास घेतला नाही.

दुसऱ्या खेपेला शेजारच्या सखूआजीनं न्हाणीच्या मोरीपाशी मुंग्यांची रांग पाहिली. आजी कोलाम आदिवासी, शाळेचं तोंड न पाहिलेली. “कमल जिथं बसते तिथंच मुंग्या काहून लागून राह्यल्या?” असं तिनं विचारलं आणि मी वहिनीला घेऊन यवतमाळची एसटी धरली. डॉक्टरांनी लघवी तपासून सांगितलं की हा मधुमेह आहे, काही बायकांना तो गरोदरपणातच होतो. आईच्या रक्तातली साखर पोटातल्या बाळाला मिळते, म्हणून ते नको इतकं वाढतं. पहिल्या वेळी बहुतेक तेच झालं असावं. वहिनीनं एवढंच विचारलं, “म्हंजे माह्या हातून काही पाप नव्हतं झालं?” डॉक्टर नाही म्हणाले. ती तिथंच पदर तोंडाला लावून रडली.

मग आमच्या घरात एक नवीनच शाळा सुरू झाली आणि तिची मास्तरीणही मीच. रोज सकाळी निळ्या औषधात लघवीचे आठ थेंब टाकून नळी स्पिरिटच्या दिव्यावर धरायची. निळं राहिलं तर साखर नाही, हिरवं झालं तर थोडी, पिवळं झालं तर जास्त, विटकरी झालं तर फारच. रंग मी वहिनीच्याच वहीत लिहायची. सुईचं औषध, साखर उतरवणारं इन्सुलिन, माठाखालच्या ओल्या वाळूत थंड ठेवलेलं असे. दादा सुई उकळून टोचायचा आणि कापसाच्या जिनिंगला कामावर जायचा. ज्वारीची भाकर मोजून, भाजी पोटभर, संध्याकाळी चालणं. घरातला गूळ-साखरेचा डबा मी उचलून सखूआजीकडे ठेवून आले. डोहाळजेवणाला बायका झाकलेल्या दोन वाट्यांत पेढा आणि बर्फी ठेवतात. मी एकीत कारलं ठेवलं, दुसरीत भेंडी. वहिनीनं नेमकी कारल्याची वाटी उघडली आणि हसता हसता तिला ठसका लागला. बायका मला खडूस म्हणाल्या. म्हणू देत, मला त्याचा अभिमान होता.

मुलगी झाली यवतमाळच्या दवाखान्यात, आणि ती रडली. वहिनी तिच्या तोंडाकडे नुसती बघत होती... तो चेहरा मी कधी विसरणार नाही. घरी निघताना डॉक्टर वहिनीला सुईचं आणि खाण्याचं काहीतरी समजावत होते. मी गाडीत जागा धरायला पुढं पळाले होते.

ती गेली त्या दिवशी, घरी आल्याच्या दुसऱ्याच सकाळी, नळीतला रंग निळा आला. इतक्या महिन्यांत पहिल्यांदाच एवढा स्वच्छ निळा. मी आनंदानं तो वहीत लिहिला. दादा सुई टोचून कामावर गेला. बाळ रडत होतं म्हणून वहिनीची भाकर तशीच झाकून राहिली. रविवार होता, मी घरीच होते. थोड्या वेळानं वहिनीला दरदरून घाम फुटला, हात थरथरायला लागले.

“सुमन, मले गूळ दे वं थोडा,” ती म्हणाली.

मला वाटलं, इतके महिने मारलेलं मन आता उचल खातंय. मी तिला समजावलं. ती चिडली, कधी नव्हे ते मला वेडंवाकडं बोलली. आवाज ऐकून सखूआजी आली, वहिनीला पाहिलं आणि घरी जाऊन गुळाच्या पाण्याचा पेला घेऊन आली. थकल्याभागल्याला, उन्हातून आलेल्याला तिच्याकडे हेच देतात. “लेकरू गळून चाललं, पाज तिले,” आजी म्हणाली. मी पेला तिच्या हातातून काढून घेतला. छप्पन साली दीक्षा घेतल्यापासून आमच्या घरानं अंगारे-धुपारे सोडले होते, आणि आजीचं गुळाचं पाणी मला त्यातलंच वाटलं. आजी, हे जुनं आता चालत नाही, असं मी तिला शिकवलं. ते पाणी मी मोरीत ओतलं.

मग वहिनी शांत झाली. तिला झोप लागली असं समजून मी बाळाला घेऊन अंगणात बसले. दादा जेवायला आला आणि तिला हाक मारू लागला, तेव्हा ती उठेना. जीप मिळाली, पण आम्ही यवतमाळला पोचलो तेव्हा उशीर झाला होता. डॉक्टरांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, साखर दिली नाहीत? बाळंतपणानंतर सुई एकदम कमी लागते, पोटात अन्न नसेल तर साखर फार खाली जाते, अशा वेळी चमचाभर गूळही जीव वाचवतो... ते बोलत होते आणि मला मोरीतून वाहून जाणारं पाणी दिसत होतं.

सखूआजी गूळ-साखरेचा डबा तेवढा आणून फळीवर ठेवून गेली.

काल वही उघडली. शेवटचा ‘निळा’ माझ्या अक्षरात आहे. आदल्या पानावर, यवतमाळहून आलो त्या दिवशीची वहिनीची यादी आहे. दुपटी धुणे, रेघ. आईला पत्र, रेघ. सुई निम्मी, ह्यांना सांगणे, रेघ. आणि खाली, तिच्या त्या देखण्या अक्षरात: घाम आला, थरथर सुटली तर लगेच गूळ, सुमनला सांगणे.

त्या ओळीवर रेघ नाही.