देवणीचा रिटेलवाला

आमच्या वर्गातल्या देवणीच्या पोराला काल नोकरी लागली, तरी मला चैन न्हाई! लातूरला आम्ही सोबतच बी.व्होक. केलं, रिटेल मॅनेजमेंटमध्ये. हा कुठंबी गेला की दुकान लावत बसतो. टपरीवर चहा येईपर्यंत बिस्किटाचे सगळे पुडे नाव समोर येईल असे फिरवून ठेवतो. टपरीवाले मामा वैतागतात, "अरे, तुझं कॉलेज तिकडं चालव की!" तर हा म्हणतो, "मामा, गिऱ्हाईक आधी डोळ्यानं घेतंय." आन त्याला कुणी बी.कॉम.वाला म्हणलं की संपलंच. "बी.कॉम. न्हाई भौ, बी.व्होक.! डिग्रीच हाय ती, पूर्ण तीन वर्षांची."

काल आम्ही दोघं नांदेडला एका मॉलमध्ये सेल्समनच्या मुलाखतीला गेलो. माझा नंबर आधी लागला. साहेब म्हणले, "डिग्रीवाले टिकत न्हाईत बाबा. आम्हाला बारावीवालेच पाहिजेत." बाहेर आलो आन त्याला ते तसंच सांगितलं. त्यानं कॉलर नीट केली आन आत गेला. दार उघडंच होतं.

"शिक्षण?"

"बारावी, सर."

"कवा झाली बारावी?"

"तीन वर्षं झाली."

"मग तीन वर्षं काय करून राहिला?"

त्यानं माझ्याकडं बघितलंच न्हाई.

"काही न्हाई सर. घरी रिकामाच होतो."