केशनळी

रविवार, १० मार्च १९९६. प्रयोगशाळेतलं बाईंचं कपाट रिकामं करायचं काम माझ्याकडे आलं. सोमवारी किल्ली परत द्यायची होती.

“आधी पेन्सिल फिरवा, मग बोला.” बाईंचं हे वाक्य मी बारा वर्षं ऐकलं. काचेच्या पट्टीवर रक्तातले मेद वेगळे करून पट्टी आयोडीनच्या बरणीत ठेवली की तपकिरी ठिपके उमटतात. बाहेर काढली की थोड्याच वेळात उडून जातात. म्हणून भोवती लगेच पेन्सिल फिरवायची. कुणी चहाचं विचारलं तरी बाई हेच म्हणत.

बाई डोंबिवलीच्या, मी कळव्याची, प्रयोगशाळा ठाण्यात. त्या जीवरसायनाच्या संशोधक, मी त्यांची मदतनीस, तीही तात्पुरती. त्यांचा विषय स्फिंगोलिपिड. म्हणजे काय, हे मी पहिल्याच दिवशी विचारलं.

“पेशीच्या कातडीतलं तूप समजा. फक्त हे तूप बोलतं. पेशीला सांगतं, वाढ. कधी सांगतं, आता मर.”

“आणि ती ऐकते?”

“तुमच्या घरी ऐकत नसेल कुणी. पेशी ऐकते.”

प्रत्येक वस्तूला मराठी नाव हवं, अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील. बाई त्यातल्या. पट्टीवर थेंब ठेवायची केसासारखी बारीक काचेची नळी, तिला सगळे कॅपिलरी म्हणत. बाई म्हणत केशनळी.

सत्याऐंशी साली काही आजारी मुलांचं रक्त आमच्याकडे येई. या मुलांच्या शरीरात हा मेद मोडत नाही, साठत जातो, पोट फुगतं. त्यांच्या पट्टीवर ओळखीच्या ठिपक्यांच्या वर एक नवा ठिपका दिसू लागला. निरोगी मुलांत तो नव्हता. खरा ठरला असता तर पोट फुगायच्या आधीच आजार कळला असता. बाई आठ महिने त्याच्या मागे होत्या. शोधनिबंध टाईप होऊन आला. अडचण एकच. ठिपका सोमवारी ठळक, बुधवारी फिका, गुरुवारी गायब.

“रविवारी लाईट जाते, फ्रीजचं काहीतरी असणार,” बाई म्हणाल्या.

मला उत्तर सापडलं ते सोमवारी, घरी आरशासमोर. रविवारी मी न्हायचे. सोमवारी सासूबाईंनी कढवलेलं माक्याचं तेल घालून घट्ट वेणी. आणि कामात माझी सवय अशी, की निरोगी मुलाचा थेंब आधी ठेवायचा आणि आजारी मुलासाठीची दुसरी नळी, हात मोकळा राहावा म्हणून, वेणीत खोचायची.

दोन दिवस मी गप्प बसले. त्याच महिन्यात माझ्या नेमणुकीचा कागद बाईंच्या सहीला जायचा होता. तिसऱ्या दिवशी सांगितलं. “बाई, तो ठिपका माझ्या तेलाचा आहे.”

त्यांनी कोरी नळी घेतली, माझ्या वेणीतून ओढली, पट्टीला टेकवली. तासाभराने आयोडीनमधून पट्टी काढली. ठिपका तिथेच होता. बाईंनी आधी पेन्सिल फिरवली.

मग म्हणाल्या, “केशनळी म्हटलं म्हणून केसांत खोचलीत?”

मला हसावं की काय ते कळेना. त्याच हसल्या, पण पेन्सिल हातातून खाली ठेवेनात.

“बरं झालं. निबंधाच्या पाकिटावर तिकीट लावायचं राहिलं होतं.”

माझ्या कागदावर त्यांनी सही केली. नवा ठिपका त्यांना पुन्हा कधी सापडला नाही. मी तेल लावणं सोडलं, तर म्हणाल्या, “तेलानं काय केलंय? नळी डब्यात ठेवा म्हणजे झालं.” मी तरी सोडलंच. नऊ वर्षं केस कोरडे.

फेब्रुवारीत बाई गेल्या. आठ दिवसांचं आजारपण. मला रडू आलं नाही, अजूनही येत नाही.

कपाटाच्या तळाशी, वर्तमानपत्रात गुंडाळलेली ती पट्टी निघाली. ठिपका कधीच उडालेला. नुसतं पेन्सिलीचं वर्तुळ, आत काही नाही. शेजारी बारीक अक्षरात लिहिलेलं: माका.

बाकी सगळं त्यांच्या भावासाठी खोक्यात भरलं. पट्टी माझ्या पिशवीत ठेवली.

सोमवारी सकाळी उठले, वाटीभर तेल कोमट केलं, डोक्याला चोपडलं, घट्ट वेणी घातली आणि किल्ली द्यायला ठाण्याला गेले.