आमची झेंडी लाल का?

मित्रांनो, सकाळपासून मन खातंय.

खुलताबादजवळच्या माळावर आज आमची दरवर्षीची बाईकची ड्रॅग रेस झाली. तिचा इतिहास मीच लिहिला, मीच माईकवर वाचला: “या ओसाड माळावर आम्ही चार मित्रांनी सुरुवात केली.” लई टाळ्या पडल्या.

स्टेजवरून उतरलो तर समोर मेंढपाळ सोनबाकाका. पहिल्या वर्षी त्यांनीच मेंढरं हटवून आमच्यासाठी दगड वेचले होते. रेस सुरू करायला झेंडी नव्हती, तर डोक्याचा लाल पटका काढून दिला होता.

“चांगलं वाचलं,” म्हणाले. “पण माळ ओसाड व्हता, तर माझी मेंढरं काय खात व्हती रं?”

मी नुसता हसलो.

उद्या त्यांच्यापुढं कोणत्या तोंडानं जाऊ, सांगा.

त्या पहिल्या वर्षापासून आमची झेंडी लालच असते. का, ते सांगायला एक वाक्य पुरलं असतं.