काखेतली तुरटी

परवा नातीनं काखेत लावायची ती वासाची नळी टेबलावर ठेवली आणि नेमकी तेव्हाच शेजारीण आत आली. "अगं, हे लावतेस? यानं घाम आत कोंडतो न् छातीत गाठ होते. मला फोनवर आलंय ना!" झालं, माझं टाळकंच सटकलं. बाई चांगली आहे हो, एकादशीला न चुकता साबुदाण्याची उसळ आणून देते. पण मी तिला इतकं तोडून बोलले, की नात माझ्या तोंडाकडे बघतच राहिली. आता तिला तरी काय माहीत, हेच वाक्य मी पहिल्यांदा कुठं ऐकलं होतं ते.

महाराष्ट्र तेव्हा नवा नवा झाला होता. आम्ही खामगावात राहायचो. दादा कापसाच्या जिनिंगमध्ये कामाला होता आणि त्याची बायको, म्हणजे माझी वहिनी, मुलींच्या शाळेत शिकवायची. मी त्याच शाळेत नववीत होते. वर्गाला टिनाचं छप्पर, आणि खामगावचा उन्हाळा! बाकीच्या बायांच्या पोलक्यांना काखेत मिठाचे पांढरे गोल उमटायचे. माझी वहिनी मात्र शेवटच्या तासालाही सकाळसारखी कोरी. आम्ही पोरी वही दाखवायच्या निमित्तानं मुद्दाम तिच्याजवळ जाऊन उभ्या राहायचो.

तिचं गुपित फक्त मला ठाऊक होतं. आंघोळ झाली की ती तुरटीचा खडा ओला करायची आणि काखेत फिरवायची, वरून थोडी पावडर. मेहकरला तिचे वडील दाढी झाल्यावर गालाला तुरटी लावायचे, त्यावरूनच तिला सुचलं होतं म्हणे. "घाम बी कमी येते अन् वास बी नाई," म्हणायची. "तू मोठी झाली का तुले बी देईन एक खडा."

त्या वर्षी चैत्रात गच्चीवर कुरडया घालता घालता वहिनी एकदम थांबली आणि आईला हळूच म्हणाली, "आत्याबाई, मले इथं कायतरी लागून राह्यलं." हात छातीच्या कडेला, काखेच्या जरा खाली. आईनं चिकाचे हात पदराला पुसले, तिला खाली खोलीत नेलं, दार लोटलं. मी पाठोपाठ घुसलेच. आईनं चाचपलं आणि तिचा चेहरा उतरला.

"तुरटी लावतं ना वं तू काखेत?"

वहिनीनं मान हलवली.

"मंग! पावसाळ्यात गढूळ पाण्यात तुरटी फिरवली का गाळ कुठी जाते? बुडाशी बसते ना? तुह्या आंगातला गाळ तिथी बसला, माय. घाम बाहीर येऊच दिला नाई तं तो जाईन कुठी?"

आता हसू येतं, पण खरं सांगते, मला ते तेव्हा शंभर टक्के पटलं होतं. दर पावसाळ्यात रांजणात तुरटी फिरवायचं काम माझंच असायचं. तळाशी बसलेला तो चिखलाचा थर मी माझ्या हातांनी खरवडलेला होता. आईनं त्याच दुपारी घरातली सगळी तुरटी उकिरड्यावर फेकली. बाबांच्या दाढीचा खडासुद्धा गेला. बाबा बिचारे दोन-चार दिवस गाल चोळत फिरले, पण काऊन म्हणून विचारायची त्यांची छाती झाली नाही.

आईनं उपायही शोधला. कोंडलेला घाम काढायचा. आणि घाम काढायची आमच्याकडे एकच रीत, बाळंतिणीची. मागच्या खोलीत बाज टाकली, बाजेखाली निखाऱ्यांचं घमेलं, निखाऱ्यांवर ओवा आणि शेपा. वर वहिनी, तिच्या अंगावर दोन गोधड्या. मूल ना बाळ, आणि भर वैशाखात माझी वहिनी बाळंतिणीसारखी शेकून घेत पडलेली! शाळेला सुटी लागली होती म्हणून कुणाला पत्ताही लागला नाही. दादाला सांगितलं, कंबर धरली आहे. बायकांचं दुखणं म्हटल्यावर तो पुढं कशाला विचारतो!

आई दुष्ट नव्हती हो. स्वतः त्या धगीत बसायची, वहिनीचं तोंड पुसायची, कैरीचं पन्हं पाजायची. "निघून राह्यला, माय, निघून राह्यला," म्हणत घामानं भिजलेला पदर पिळायची. पदर पिळताना तिच्या डोळ्यांत आशा असायची, आणि तेच बघवत नव्हतं मला.

एकदा आई निखारे आणायला गेली तेव्हा मी वहिनीवर चिडले. म्हटलं, "तू एवढी शिकलेली, तुले तरी पटते काय हे?"

गोधडीतून तिचा आवाज आला, "तुरटीनं झाली असंन तं तुरटी सोडल्यावर जाईन ना, बाई? दुसऱ्या कशानं असंन तं मंग मी काय सोडू?"

मला रडूच आलं.

ज्येष्ठ लागला. शाळा उघडायची वेळ आली. वहिनी वाळून पापड झाली होती. न्हाणीत मी तिची पाठ चोळत होते, तर तिनं माझा साबणाचा हात धरला आणि त्या जागेवर ठेवला. "पाह्य बरं बाई, कमी झाली काय?"

सुपारीएवढी, कडक, बोटाखालून न हलणारी. मला तिथून पळून जावंसं वाटलं. पण हात तिनं धरलेला होता, आणि ती माझ्याकडे अशी बघत होती की खोटं बोलणं होईना. "नाई वं वहिनी," मी म्हटलं. "कमी नाई झाली."

तिनं तांब्याभर पाणी अंगावर घेतलं, लुगडं नेसली आणि ओल्या केसांनीच ओसरीवर दादासमोर जाऊन उभी राहिली. "मले डॉक्टरकडे न्या. आजच." आई स्वयंपाकघरातून धावत आली, "अवं, परक्या पुरुषाले दाखवतं काय!" पण वहिनी ऐकायला तयार नव्हती. अकोल्याला एक डॉक्टरीणबाई होत्या. दादा, वहिनी, आई आणि हट्टानं मी, असे त्याच दिवशी एस.टी.नं निघालो.

डॉक्टरीणबाईंनी तपासलं, हात धुतले आणि पहिला प्रश्न विचारला, "इतके दिवस कुठं होता?"

वहिनीच्या आधी आईच बोलली. "तुरटीनं झाली ना हो, बाई? काखेत लावत होती."

"नाही हो. तुरटीनं गाठ होत नाही, आणि घाम काढून ती जातही नाही. कशानं होते ते आम्हालाही पुरतं कळलेलं नाही. पण आता एक दिवस घालवू नका."

आई खुर्चीवर बसली होती ती उठेचना. दादानं हाताला धरून उठवलं.

नागपूरला ऑपरेशन झालं. तिकडची छाती काढली, काखेतही खोल कापलं, पुढं विजेचा शेक दिला. आई सगळे दिवस तिच्या उशाशी होती. वहिनी वाचली. पुढं पेन्शनीत निघेपर्यंत त्याच शाळेत शिकवत राहिली, आणि आमच्या आईपेक्षा कितीतरी वर्षं जास्त जगली.

पण मला आठवतो तो त्यानंतरचा पहिला उन्हाळा. वहिनीचा तो हात खांद्याच्या वर जात नव्हता, म्हणून आई तिला आंघोळ घालायची. एक दिवस आई बाजारातून आली, आणि वहिनीला आंघोळ घातल्यावर तिनं पदराच्या गाठीतून तुरटीचा नवा खडा काढला. आईनं खडा पाण्यात बुडवला, वहिनीच्या धडक्या हाताच्या काखेत फिरवला. मग दुसरा हात, जेवढा जाईल तेवढा, अलगद उचलून धरला.

वहिनी म्हणाली, "तिकडं राहू द्या, आत्याबाई. तिकडं आता घामच येत नाई."

आईचा हात थांबला. खडा मुठीत आवळून ती न्हाणीच्या ओल्या फरशीवर बसली आणि लहान पोरीसारखी हुंदके देऊन रडली. वहिनी खाली वाकली, चांगल्या हातानं तिची मूठ उघडली आणि खडा परत तिच्या बोटांत दिला. "लावा," म्हणाली. "तिकडं बी लावा."

आईनं लावला.