करंदीकरांचं शाकाहारी मांजर

मांजर तपासणीच्या टेबलावर चालत चालत कडेपाशी आलं, आणि थांबलं नाही. मी खाली हात धरला म्हणून फरशीवर न आदळता माझ्या हातात पडलं.

मांजर टेबलावरून उडी मारतं. पडत नाही.

"मनी हल्ली असंच करते, मावशी," मेघना म्हणाली. दहा वर्षांची मुलगी. बोलायची सगळं इंग्रजीत, ‘मावशी’ तेवढं मराठीत. "सोफ्यावरूनही पडते. डॅड म्हणतात, क्लम्झी आहे."

तिचे डॅड, अरविंद करंदीकर, शेजारी ओव्हरकोट न काढता उभे होते. बाहेर बर्फ पडत होता आणि त्यांना घरी जाऊन गॅरेजपुढचा ड्राइव्ह-वे साफ करायचा होता. "डोळ्यात काहीतरी गेलं असेल, नलिनीताई," ते म्हणाले. "ड्रॉप्स देऊन टाका."

ही ऐंशीच्या दशकातली गोष्ट. शिकागोच्या पश्चिमेला नेपरव्हिलमध्ये मी एका क्लिनिकमध्ये व्हेट होते, म्हणजे जनावरांची डॉक्टर. नागपूरला शिकले, इथे येऊन सगळ्या परीक्षा पुन्हा दिल्या. आमच्या मराठी मंडळींत माणसांचे डॉक्टर भरपूर, इंजिनिअर त्याहून भरपूर, व्हेट मी एकटी. त्यामुळे प्रत्येक पॉटलकला, म्हणजे घरोघरून पदार्थ आणून केलेल्या जेवणाला, कोणीतरी प्लेट घेऊन माझ्याशेजारी बसायचं आणि विचारायचं, "कुत्रा बरा की मांजर?"

करंदीकरांनीही विचारलं होतं. मी त्यांना बोटं मोजून उत्तर दिलं होतं. एक, मुलगी शाळेतून येते तेव्हा घरी कोणी नसतं, तिला दारात येणारा प्राणी हवा. दोन, तुम्ही दिवसभर खुर्चीत बसता, तुम्हाला फिरायला नेणारं कोणीतरी हवं. तीन, आणि हे सगळ्यांत महत्त्वाचं, तुमच्या घरात मांस येत नाही. कुत्रा दूध, अंडी, पोळी, वरण यांवर निभावून नेतो. मांजर नाही नेत. तेव्हा कुत्रा घ्या.

त्यांनी मांजर घेतलं. कुत्र्याला बर्फात बाहेर न्यावं लागतं, मांजराला नाही, एवढ्या एका कारणासाठी. मला कळवलंही नाही. लशींसाठी घराजवळच्या दुसऱ्या क्लिनिकमध्ये जात राहिले. तिथे ‘काय खाते?’ असं विचारल्यावर ‘घरचं’ म्हणून सांगितलं. माझ्याकडे आले ते मांजर पडायला लागल्यावर.

मी खोलीतला दिवा बंद केला. डोळ्याच्या आत बघायचा एक छोटा दिवा असतो, तो मनीच्या डोळ्यांवर धरला. उजेड पडला की मांजराची बाहुली चटकन बारीक होते. मनीच्या बाहुल्या कोटाच्या बटणांएवढ्या मोठ्या होत्या आणि जेमतेम हलल्या. आतल्या पडद्यावर, जिथे सगळ्यांत स्पष्ट दिसतं त्या जागी, एक लांबट चकाकणारा डाग होता. दोन्ही डोळ्यांत तसाच.

दिवा लावला आणि विचारलं, "ही खाते काय?"

"प्युअर व्हेज," करंदीकर म्हणाले. आवाजात अभिमान होता. "दूधभात, दहीभात, वर तूप. पनीर आवडतं. वरणसुद्धा खाते. खरं सांगू, आमच्या घरात शाकाहारी अशी तीच एक. आम्ही निदान केकमधलं अंडं तरी खातो."

"पहिल्यापासून?"

"पहिल्यापासून. एकदा हिच्या आईनं, सुनीतानं, दुकानात कॅट फूडचा डबा हातात घेतला होता. मागचं वाचलं आणि परत ठेवला."

मी त्यांना सांगितलं ते सोप्या शब्दांत इथे सांगते. टॉरिन नावाचं एक द्रव्य असतं. माणूस ते स्वतःच्या शरीरात बनवतो, बहुतेक कुत्रेही बनवतात. मांजराला ते पुरेसं बनवता येत नाही. त्याला ते खाण्यातूनच मिळावं लागतं, आणि ते असतं मांसात, माशात. दुधात नावापुरतं, भातात अजिबात नाही. ते मिळालं नाही तर डोळ्यातला पडदा आतून विरत जातो. विरलेला भाग परत येत नाही. आज खाणं बदललं तर उरलेला वाचेल. नाही बदललं तर मनी पूर्ण आंधळी होईल, आणि तिचं हृदयही धड राहील याची खात्री मी देणार नाही.

मेघनाने मांजर माझ्या हातातून काढून घेतलं आणि स्वेटरमध्ये धरलं.

"असं कसं?" करंदीकर म्हणाले. "पुण्याला आमची मांजर दूधभातावर चांगली म्हातारी होऊन मेली."

"ती दिवसभर कुठे असायची?"

"कुठे म्हणजे? फिरत असायची. कौलांवर, मागच्या बोळात. शेजारी वाण्याचं गोदाम होतं, तिथे तर मुक्कामच."

"करंदीकर, ती गोदामात तांदूळ खायला जात नव्हती."

इंजिनिअर माणूस, मुद्दा पोचला होता. पण पोचणं वेगळं आणि मानणं वेगळं.

"गोळ्या मिळत असतील ना याच्या?"

"प्रश्न एकट्या टॉरिनचा नाही. मांजराला आणखी चार गोष्टी मांसातूनच मिळतात. कशाकशाच्या गोळ्या घालणार?"

"मग अवघड आहे," ते म्हणाले. "निघताना आईला शब्द दिलाय. घरात मांस येणार नाही. आजवर आलेलं नाही."

"पण डॅड, तुम्ही ट्रेन स्टेशनवर चिकन सँडविच खाता," मेघना म्हणाली.

"ते बाहेर."

हा नियम वाचकांपैकी पुष्कळांच्या ओळखीचा असेल. त्या काळात आमच्यातल्या अर्ध्या घरांत तो होता. ऑफिसात चालतं, पिझ्झ्यावर चालतं, घरात नाही. मी त्याला कधी नावं ठेवली नव्हती. परक्या देशात माणसं काय काय करून स्वतःला सांभाळतात. पण त्या दिवशी माझं डोकं फिरलं. मी काही बोलले नाही, कारण मूल समोर होतं. मांजराला दोन दिवस इथेच राहू द्या, म्हणून सांगितलं.

ते गेल्यावर मी मनीपुढे उकडलेलं चिकन ठेवलं. तिने ते गुरगुरत खाल्लं. मी जवळ गेले तर माझ्यावरही गुरगुरली. दूधभातावर कोणी गुरगुरत नाही.

माझे बॉस डॉक्टर हॅन्सन मागून बघत होते. क्लिनिक त्यांचं. माणूस कामाला चोख, पण मत फार लवकर बनवायचा. मी केस सांगितली. ऐकता ऐकता त्यांचा चेहरा लाल झाला.

"ही उपासमार आहे," ते म्हणाले. "सोमवारी सकाळी मी ॲनिमल कंट्रोलला फोन करतो."

ॲनिमल कंट्रोल म्हणजे प्राण्यांचे हाल होत असतील तर येऊन ते घेऊन जाणारं सरकारी खातं. तिथून मांजर बेवारस प्राण्यांच्या शेल्टरमध्ये जातं. शेल्टरमध्ये धडधाकट मांजरांनाही घर मिळायची मारामार. अर्धवट आंधळ्या मांजराला तिथे कोण घरी नेणार? आठवडाभर ठेवतात, मग मरणाचं इंजेक्शन.

"त्यांनी तिला तूप घालून भरवलंय," मी म्हटलं. "उपाशी ठेवलेलं नाही. चुकीचं खायला घातलंय."

"धर्मासाठी मांजर आंधळं करायचं? मला तुमच्या लोकांचं कळत नाही."

"गेल्या आठवड्यात एका बाईंनी वाढदिवस म्हणून कुत्र्याला अख्खा चॉकलेट केक भरवला. तो मरता मरता वाचला. तेव्हा आपण कोणाला फोन केला होता?"

"तो अपघात होता."

"त्या तुमच्या लोकांपैकी होत्या, म्हणून अपघात?"

त्यांनी मनीच्या फाइलवर दोन ओळी लिहिल्या. मग म्हणाले, "सोमवार सकाळ, डॉक. तोवर त्यांनी खाणं बदलायचं लेखी कबूल केलं तर ठीक. नाहीतर फोन."

मी दोघांवरही चिडले होते. एकाला वाटत होतं, आपला नियम मांजरालाही कळतो. दुसऱ्याला वाटत होतं, नियम पाळणारा माणूस क्रूरच असणार. मधल्या मध्ये जाणार होतं मांजर, आणि ज्या मुलीने काहीच ठरवलं नव्हतं तिचं.

रविवारी दुपारी मी करंदीकरांकडे गेले. पिशवीत कॅट फूडचे डबे, डबा उघडायचं वेगळं यंत्र, एक चमचा, एक वाटी. मी रिकाम्या हाताने वाद घालायला जात नाही.

सुनीताने दार उघडलं. करंदीकरांची बायको, माझ्याहून लहान. ती बाहेरही मांस खात नसे. चहाबरोबर चकल्या आल्या. मी पिशवी दाराशीच ठेवली होती. तिने ती बघितली.

मी ॲनिमल कंट्रोलचं सांगितलं. करंदीकर उसळले. "आमचं मांजर नेणारे हे कोण? आम्ही काय त्याला मारतो?"

"नाही. तुम्ही फक्त त्याचं ‘बाहेर’ काढून घेतलंय," मी म्हटलं. "तुमच्या पुण्याच्या मांजरीला बोळ होता. तुम्हाला स्टेशन आहे. मेघनाला शाळेचा कॅफेटेरिया आहे, तिथे ती काय खाते ते तुम्ही विचारत नाही. या घरात नियम पाळता येतो, कारण प्रत्येकाला बाहेर जाता येतं. त्या मांजराला नाही. बर्फात जायला नको म्हणून तुम्ही मांजर आणलंत आणि खिडक्या लावून घेतल्यात. नियम तुमचा आणि डोळे तिचे जातायत."

"पण आईला—"

"आईंना फोन करून विचारा. वाण्याच्या गोदामात मांजर काय करायची हे त्यांना माहीत नव्हतं, असं वाटतं तुम्हाला?"

मेघना जिन्यावर बसली होती. ती रडत नव्हती, पण तिने एकही चकली घेतली नव्हती.

सुनीता उठली. पिशवीतला एक डबा काढला. लेबल मागून पुढून वाचलं, तोंड वाकडं केलं, पण या वेळी परत ठेवला नाही.

"गॅरेज घरात धरायचं की बाहेर?" तिने नवऱ्याला विचारलं.

"गॅरेज?"

"देव आत आहेत. स्वयंपाक आत आहे. गॅरेजमध्ये गाडी आणि कचऱ्याचे डबे. मी तरी त्याला बाहेर धरते. वाटी, चमचा सगळं तिथेच राहील. सिंकमध्ये येणार नाही."

"ठीक आहे," करंदीकर सुटकेने म्हणाले. "मग तू सकाळी—"

"मी नाही," सुनीता म्हणाली. "डबा मी उघडणार नाही. मला वासही सहन होत नाही. ज्याला बाहेर चालतं त्याने उघडायचा."

जिन्यावरून मेघना हसली. करंदीकरांनी माझ्याकडे बघितलं. मी चकली खात होते.

त्यांनी कागदावर लिहून सही दिली. सोमवारी सकाळी तो हॅन्सनच्या टेबलावर ठेवला. त्यांनी वाचला, फाइलमध्ये लावला आणि म्हणाले, "गुड." ‘तुमचे लोक’बद्दल काही बोलले नाहीत. मीही आठवण करून दिली नाही, पण विसरलेही नाही.

मनीचे गेलेले डोळे परत आले नाहीत. पुढच्या तपासण्यांत डाग मात्र वाढला नाही. समोरचं नीट दिसायचं नाही, कडेचं दिसायचं. तेवढ्यावर ती घरात व्यवस्थित वावरू लागली. मेघनाने फर्निचर हलवायला सगळ्यांना बंदी घातली होती. करंदीकर रोज सकाळी ट्रेन पकडण्याआधी टाय खांद्यावर टाकून गॅरेजमध्ये डबा उघडायचे. थंडीत अन्न गोठायला लागलं तेव्हा त्यांनी तिथे छोटा हीटर लावला, स्वतः वायरिंग करून.

आणखी एक झालं. पॉटलकमध्ये करंदीकर लोकांना टॉरिनवर लेक्चर देऊ लागले. त्यातलं अर्धं चुकीचं असे. माझं नाव कुठे येत नसे. एकदा तर त्यांनी मलाच समजावून सांगितलं की मांजराला शाकाहारी ठेवणं किती मूर्खपणाचं आहे. मी ऐकून घेतलं. त्या वर्षात आणखी दोन मराठी घरांची मांजरं गॅरेजमध्ये जेवू लागली होती.

कुत्रा बरा की मांजर, असं लोक मला अजूनही विचारतात. मी आता बोटं मोजत नाही. तुमच्या घरात कोणता नियम आहे आणि तो मोडायला तुम्ही कुठे जाता, एवढं विचारते. बहुतेक लोक विषय बदलतात. त्यांना मी मासे पाळायला सांगते.